वाचकांचे प्रश्न : मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन ग्रंथी

मागच्या अंकात रक्तदाबाविषयी लिहिताना अधिवृक्क ग्रंथींचा एका वाक्यापुरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. शेवटच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यात वर्णिलेला प्रकार माझ्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा समोर येतो आणि थोडी माहिती वेळेवर मिळाली असती तर तो टळला असता, याची प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

प्रश्न : मूतखड्याच्या दुखण्यासाठी सीटी स्कॅन केला. खडा सापडलाच, पण अहवालात ‘डाव्या अधिवृक्क ग्रंथीत दीड सेंटिमीटरची गाठ’ असेही लिहिले आहे. ही ग्रंथी नेमकी असते कुठे आणि करते काय? मुलाला कर्करोगाची शंका येते. माझी झोप उडाली आहे.
— निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : आधी ग्रंथीची ओळख करून घेऊ, म्हणजे गाठीची भीती आपोआप थोडी कमी होईल. वृक्क म्हणजे मूत्रपिंड आणि ‘अधि’ म्हणजे वर. दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात. उजवी त्रिकोणी टोपीसारखी, डावी चंद्रकोरीसारखी, आणि प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मूत्र तयार करण्याच्या कामात त्यांचा थेट हात नसतो. मात्र मूत्रपिंडाने किती मीठ शरीरात परत घ्यावे, हे त्या ठरवतात.

प्रत्येक अधिवृक्क ही खरे तर एकात एक बसलेल्या दोन ग्रंथींची जोडी आहे. बाहेरचा भाग पिवळसर असतो, कारण त्यात कोलेस्टेरॉलचा साठा असतो आणि त्या कोलेस्टेरॉलपासूनच तेथील सर्व संप्रेरके (हॉर्मोन्स) घडतात. या बाहेरच्या भागाचे तीन थर आहेत. सर्वांत वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, जे मीठ व पोटॅशियम सांभाळते. मधला आणि सर्वांत जाड थर कॉर्टिसॉल बनवतो. तिसऱ्या थरातून पुरुष-संप्रेरकांच्या जातीची सौम्य द्रव्ये निघतात. आतला गाभा मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. गर्भावस्थेत ज्या पेशींपासून मज्जातंतू तयार होतात, त्यांच्याच भाऊबंदांपासून तो बनतो आणि अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन रक्तात सोडतो. दुसऱ्या कामासाठी केलेल्या स्कॅनमध्ये या ग्रंथीत अशी गाठ सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. पन्नाशी उलटलेल्या शंभर माणसांच्या पोटाचे स्कॅन केले, तर तीन-चार जणांत ती दिसते. बहुतेक गाठी साध्या असतात आणि कोणतेही संप्रेरक जास्तीचे बनवत नाहीत. चार सेंटिमीटरपेक्षा लहान, एकसंध आणि चरबीयुक्त दिसणारी गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता फारच कमी असते. आपल्याला पूर्वी शरीरात अन्यत्र कर्करोग झाला असेल, तर मात्र ते डॉक्टरांना अवश्य सांगा.

तरीही एकदा तपासणी करावीच. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या औषधाची एक मिलिग्रॅमची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी ग्रंथी त्या गोळीमुळे गप्प बसते. गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल बनवत असेल, तर ती बसत नाही. अॅड्रिनलिन बनवणारी गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी रक्त किंवा चोवीस तासांचे मूत्र तपासतात. तशा गाठीच्या रुग्णाला डोकेदुखी, धडधड आणि दरदरून घाम यांचे झटके येतात व त्या वेळी रक्तदाब भयंकर वाढतो, म्हणून या तपासणीआधी कोणी शस्त्रक्रियेची किंवा सुईने तुकडा काढण्याची घाई करू नये. आपल्याला रक्तदाब असल्यास अल्डोस्टेरॉनही मोजून घ्या. रक्तदाबाच्या दर शंभर रुग्णांत किमान पाच जणांचे मूळ या एका संप्रेरकात असते आणि आपल्याकडे ते शोधलेच जात नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : कुळागरात सुपाऱ्या गोळा करताना पायाजवळ नाग दिसला. मी एका उडीत कुंपण ओलांडले, जे मला एरवी कधीच जमले नसते. नंतर अर्धा तास हात थरथरत होते आणि तोंडाला कोरड पडली होती. अॅड्रिनलिन इतक्या झटकन कसे येते?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सत्तरी

उत्तर : अधिवृक्काच्या बाहेरच्या भागाला हुकूम रक्तातून येतो, त्याला वेळ लागतो. आतल्या गाभ्याला मात्र पाठीच्या कण्यातून निघालेले मज्जातंतू थेट जोडलेले असतात. डोळ्यांनी नाग पाहिला, मेंदूने धोका ओळखला आणि तंतूंमार्फत गाभ्याच्या पेशींना इशारा गेला की आधीच भरून ठेवलेल्या पुरचुंड्या काही सेकंदांत रक्तात रिकाम्या होतात. अगदी पहिली उडी आपल्या मज्जासंस्थेने स्वतःच मारली. अॅड्रिनलिनने त्या पळण्यात बळ भरले.

मग हृदय जोराने धावते, श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या मोठ्या होतात, यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा पांढरा पडतो. पायांच्या स्नायूंकडे रक्त वळते. पचनाचे काम तूर्त थांबते आणि लाळही आटते. अॅड्रिनलिनचे रक्तातले आयुष्य दोन-तीन मिनिटांचेच असते, तरी थरथर टिकते, कारण धोका टळल्यावरही मन तोच क्षण पुन्हा पुन्हा पाहत राहते आणि प्रत्येक वेळी थोडे नवे अॅड्रिनलिन सुटते. तोपर्यंत कॉर्टिसॉलही वाढू लागलेले असते. ते वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठते आणि खर्च झालेली साखर भरून काढण्याच्या कामाला लागते.

या रचनेतील एक गोष्ट मला विद्यार्थिदशेपासून विलक्षण वाटत आली आहे. या ग्रंथीत रक्त बाहेरून आत वाहते. म्हणजे गाभ्यापर्यंत पोहोचणारे बरेचसे रक्त आधी बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल घेऊन येते, आणि नॉरअॅड्रिनलिनचे अॅड्रिनलिन करणारे विकर (एन्झाइम) त्याच कॉर्टिसॉलच्या जोरावर तयार होते. दोन भिन्न घराण्यांच्या ग्रंथी एका वेष्टनात का नांदतात, याचे उत्तर निदान काही अंशी यात आहे.

आपण सापाचा विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. सर्पदंशावरच्या प्रतिविषाची कधी कधी तीव्र अॅलर्जी येते, आणि तेव्हा मांडीच्या स्नायूत दिलेले अॅड्रिनलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. म्हणूनच प्रतिविष घरी किंवा वाटेत नव्हे, तर ही सोय असलेल्या रुग्णालयातच घ्यायचे असते.

प्रश्न : मला पेजेबरोबर मिठात मुरवलेली तोरे (कोवळ्या कैऱ्या) रोज लागतात, खारवलेला बांगडाही हवा असतो. मिठाची अशी ओढ अधिवृक्काच्या बिघाडामुळे लागते, असे कोणीतरी सांगितले. खरे का?
— गृहिणी, पेडणे

उत्तर : केवळ आवड म्हणून कोणी खारे खात असेल, तर त्यात ग्रंथीचा दोष नाही, रक्तदाबासाठी बेताने खा, इतकेच म्हणेन. पण ही ओढ नवी असेल आणि तिच्यासोबत आणखी काही असेल, तर गोष्ट वेगळी.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते आणि त्यातील 99 टक्क्यांहून अधिक ते परत रक्तात घेतात. अल्डोस्टेरॉनचा अधिकार त्यातल्या अगदी शेवटच्या दोनेक टक्क्यांवर चालतो. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम, आपण दिवसभरात खातो त्याच्या कितीतरी पट. शरीरातील पाणी किंवा मीठ घटले की मूत्रपिंडे रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते अधिवृक्काला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. हेच संप्रेरक घामातील मीठही राखते. एप्रिलच्या पहिल्या उकाड्यात घाम जितका खारट असतो, तितका तो उन्हात रोज राबल्यावर राहत नाही, त्यामागे हेच कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील, मिठागरात काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वर्षभरात वजन घटले होते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि अंग काळवंडले होते. मिठागरातले ऊन म्हणून घरच्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. मी तळहात उघडून पाहिले, तर हाताच्या रेषा कोळशाने ओढल्यासारख्या काळ्या होत्या. मग तोंड उघडायला सांगितले. हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला शाईचे डाग पडल्यासारखे ठिपके होते. ऊन तोंडाच्या आत पोहोचत नाही. पत्नी सांगत होत्या की पेजेत मूठभर मीठ घालूनही ते अळणी म्हणत आणि तोराच्या बरणीतले खारे पाणी वाटीने पीत. निजून घेतलेला रक्तदाब शंभर होता, उभे केल्यावर सत्तरवर आला. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. जुन्या क्षयरोगाने दोन्ही अधिवृक्क ग्रंथी पोखरल्या होत्या.

हा विकार लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी 1855 मध्ये प्रथम वर्णिला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पाश्चात्त्य देशांत आता शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे तो बहुधा होतो. आपल्याकडे क्षयरोग अजूनही ध्यानात ठेवावा लागतो. काळेपणाचे कारण असे की कॉर्टिसॉल येत नाही हे पाहून मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचे हुकमाचे संप्रेरक सतत सोडत राहते, आणि त्वचेतील रंगपेशी त्या हुकमाने गडद होतात. त्या गृहस्थांना क्षयावरच्या औषधांबरोबर कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन सुरू केले. महिन्याभरात त्यांनी बरणीकडे पाठ फिरवली. या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात; घेत राहिले तर माणूस आपले काम पूर्ववत करू शकतो.

आपल्याला थकवा, घटते वजन, उभे राहिल्यावर अंधारी किंवा हिरड्यांचा काळेपणा यांपैकी काही असेल, तर सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, शिवाय सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या. नसेल, तर निश्चिंत राहा.

प्रश्न : मी गाणे शिकते. गळ्यासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी तोंडात असते. रक्तदाब वाढलेला निघाला. काही संबंध?
— संगीत विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : असू शकतो. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसारखेच काम करू शकते आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पट जास्त असते. मूत्रपिंडातील एक विकर त्याला निष्प्रभ करते म्हणूनच अल्डोस्टेरॉनचे राज्य टिकते. ज्येष्ठमधातील द्रव्य त्या विकरालाच अडवते. परिणामी मीठ साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. बैठकीआधी कधीतरी चघळणे निराळे, दिवसभर चघळणे निराळे. कांडी पूर्ण बंद करा, पोटॅशियम तपासा आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्तदाब पुन्हा मोजा.

प्रश्न : वेर्ण्याच्या कारखान्यात माझी रात्रपाळी असते. सतत थकवा जाणवतो. ‘अधिवृक्क ग्रंथी दमल्या आहेत’ असे सांगून मला महागड्या गोळ्या देऊ केल्या आहेत. घ्याव्यात का?
— एक वाचक, सासष्टी

उत्तर : घेऊ नका. ग्रंथी ताणाने ‘दमते’ असा कोणताही आजार वैद्यकशास्त्र मानत नाही, आणि अशा काही गोळ्यांत छुपे स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध, असू शकते. आपला थकवा खोटा आहे असे मी म्हणत नाही. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढत सकाळी सर्वाधिक होते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. रात्रपाळीत आपण नेमके त्या उतारावर जागता आणि चढावर झोपू पाहता. पाळी आठवडाभराऐवजी सलग जास्त काळ एकच मिळते का पाहा, दिवसा खोली पूर्ण काळोखी करून झोपा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड व साखर तपासून घ्या.

प्रश्न : माझ्या 62 वर्षांच्या आईने गुडघेदुखीसाठी कोणाकडून तरी पुड्या आणून दोन वर्षे घेतल्या. दुखणे जादूसारखे थांबले. पण चेहरा गोल झाला, अंगावर निळे डाग उठू लागले, साखर वाढली. अशा पुड्यांत स्टिरॉइड असते असे कळल्यावर मी त्या सगळ्या फेकून दिल्या. चौथ्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या, तिला उठता येईना. रुग्णालयात सलाइन आणि इंजेक्शनने ती बरी झाली. आता तिला रोज गोळी घ्यायला सांगितली आहे, आणि ती गोळीही स्टिरॉइडचीच आहे. जे विष म्हणून मी फेकले तेच परत का द्यायचे? माझ्यामुळे आईचा जीव जाणार होता का?
— एक मुलगी, फोंडा तालुका

उत्तर : ताई, आपला हेतू योग्य होता आणि ती पुडी बंद व्हायलाच हवी होती. चूक पुडी देणाऱ्याची आहे, आपली नाही. पण एकाएकी बंद करण्यात धोका का होता, ते समजून घ्या.

कॉर्टिसॉलचा कारभार वरून चालतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका एसीटीएच सोडून अधिवृक्काला सांगते, आणि अधिवृक्क कॉर्टिसॉल बनवते. रक्तात ते पुरेसे झाले की वरचे दोघे गप्प होतात. ही व्यवस्था शरीरातले कॉर्टिसॉल आणि गोळीतले स्टिरॉइड यांत फरक करत नाही. शरीराची दिवसाची गरज प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या तीन ते पाच मिलिग्रॅममध्ये भागते. पुडीत कितीतरी जास्त असू शकते. वरच्यांना वाटते, रक्तात भरपूर आहे, हुकूम कशाला काढायचा? हुकूम थांबला की अधिवृक्काचा मधला थर महिनोन्‌महिने बेकार राहून अक्षरशः सुकतो.

आपल्या गावातल्या विहिरींचे काय झाले ते आठवा. घरात नळ आला, विहीर उपसणे थांबले आणि गाळ साचून झरे बुजले. एक दिवस नळ बंद पडतो, आणि कळशी विहिरीत सोडावी तर पाणीच नाही. आईच्या शरीरात तेच झाले. कॉर्टिसॉल नसले की यकृत पुरेशी साखर बनवू शकत नाही, रक्तवाहिन्या अॅड्रिनलिनच्या हाकेला ओ देत नाहीत, रक्तदाब कोसळतो, उलट्या सुरू होतात. त्यातच ताप किंवा जुलाब झाले, तर जीव धोक्यात येतो. आईचे हिरड्या-तळहात काळे पडले नसतील, कारण तिच्या शरीरात एसीटीएच वाढलेले नाही, उलट घटलेले आहे. तिचे अल्डोस्टेरॉनही शाबूत आहे, कारण त्याचा मुख्य हुकूम मूत्रपिंडांकडून येतो. म्हणून वर सांगितलेल्या मिठागरातील गृहस्थांसारखी दुसरी, मीठ राखणारी गोळी तिला लागणार नाही.

आता दिलेली गोळी म्हणजे झरे मोकळे होईपर्यंत बेताने सोडलेले पाणी आहे. तिची मात्रा मोजलेली आहे, काय दिले ते कागदावर आहे आणि ती आठवड्या-आठवड्यांनी उतरवली जाईल. विषाचा आणि औषधाचा फरक इथे मात्रेत आणि देखरेखीत आहे. 1948 मध्ये अमेरिकेत सांधेदुखीने जखडलेल्या एका स्त्रीला याच घराण्यातले कॉर्टिसोन हे संप्रेरक प्रथम दिले गेले आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये केंडल, राइकश्टाइन आणि हेंच यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आजही दम्याचा तीव्र झटका, संधिवाताचे काही प्रकार, मूत्रपिंडाचे काही विकार यांत स्टिरॉइडला पर्याय नाही. म्हणून कोणी हे वाचून डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड किंवा दम्याचा पंप आपल्या मनाने थांबवू नये. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेतलेली गोळी एकदम सोडायची नाही, एवढे मात्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आईची गोळी सकाळी उठल्यावर, न्याहारीबरोबर द्या, म्हणजे ती शरीराच्या स्वतःच्या चढ-उताराशी जुळेल. मात्रा उतरवताना अंग दुखेल, गुडघे पुन्हा बोलू लागतील. त्यासाठी वेगळे उपचार डॉक्टरांकडून घ्या, पण पुडीकडे वळू नका. काही महिन्यांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, आठ वाजता कॉर्टिसॉल तपासतील. ते अपुरे वाटले तर एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी उत्तर देते का ते पाहतील. पूर्ण जाग यायला सहा महिने लागतात, कधी वर्षही. दरम्यान हाडांची घनता, साखर आणि मोतीबिंदू यांचीही तपासणी करून घ्या. दोन वर्षांच्या स्टिरॉइडने या तिन्ही ठिकाणी खुणा ठेवलेल्या असू शकतात.

निरोगी माणसाची ग्रंथी ताप आला की आपोआप कॉर्टिसॉल वाढवते. आईची सध्या वाढवू शकत नाही. म्हणून ताप आल्यास त्या दिवसांपुरती मात्रा दुप्पट करायची असते; आपल्या डॉक्टरांकडून ही सूचना लेखी घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर थांबू नका, 108 ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. तिथे पोहोचताच ‘ही बाई स्टिरॉइडवर आहे, हायड्रोकॉर्टिसोनचे 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागेल’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. दात काढायचा असो की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, तेही आधी सांगावे लागेल. हे सर्व लिहिलेला एक कागद आईच्या पर्समध्ये आणि एक आपल्या मोबाइलच्या फोटोंत ठेवा.

आणि फेकलेल्यांतली एखादी पुडी कपाटात किंवा डब्यात सापडली, तर ती आता फेकू नका. बंद पाकिटात घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे न्या. त्यांच्या पत्रासह ती अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीसाठी देता येईल, कारण त्याच माणसाकडून पुड्या घेणारी गावातली इतर माणसे आज सकाळीही त्या घेत असतील.